एकच संगणक, पण फायली वेगवेगळ्या दिसतात: काय तपासाल?

डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या पट्ट्यातली मुले आता संगणक शिकायला शहापूर, मुरबाड, कल्याणच्या महाविद्यालयांत जातात. गावोगावच्या सेवा केंद्रांचे तर सगळे कामच संगणकावर असते. या दोघांनाही एक अडचण पुन्हापुन्हा भेडसावते. डेस्कटॉपवर फाईल समोर दिसते, पण काळ्या खिडकीत आज्ञा दिली की ‘अशी फाईल नाही’ असे उत्तर येते. कुणाला विंडोजमध्ये भरलेले दिसणारे फोल्डर लिनक्सच्या खिडकीत रिकामे दिसते, तर कुणाला विंडोजमध्ये कधीच न पाहिलेल्या फायली तिथे दिसतात.

मग फाईल उडाली असे समजून कोणी रात्रभर बसून पुन्हा टाइप करतो. कोणी लॅपटॉप दुकानात देतो, तिथे तो फॉरमॅट होतो आणि तोवर सुखरूप असलेली फाईल खरोखरच जाते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून तपासणीचा क्रम पुढे दिला आहे.

एक सूचना आधी वाचा. या लेखात आज्ञा आणि पत्ते उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरे (आज्ञांसाठी लहान लिपीतली) आणि इंग्रजी आकडे वापरा. ‘डीआयआर’ म्हणजे डी, आय, आर ही तीन अक्षरे, ‘एलएस’ म्हणजे एल, एस ही दोन.

फाईल दिसली नाही तर आधी हे टाळा

- त्याच नावाची नवी फाईल बनवू नका. पुढे खरी कोणती, हे ठरवणे अवघड होते.
- फायली इकडून तिकडे हलवू नका, फोल्डरची नावे बदलू नका.
- ‘डेल’ किंवा ‘आरएम’ या आज्ञांनी काहीही पुसू नका. या आज्ञांनी पुसलेली फाईल रीसायकल बिनमध्ये जात नाही.
- फॉरमॅटला होकार देऊ नका.

पहिली पायरी: कोणती खिडकी उघडी आहे ते ओळखा

काळ्या किंवा निळ्या पडद्यावर अक्षरे दिसली की सगळ्या खिडक्या सारख्याच वाटतात. विंडोजच्या संगणकावर साधारण चार प्रकार भेटतात. ओळीची सुरुवात पाहिली की फरक कळतो.

- कमांड प्रॉम्प्ट: ओळ ‘सी:\यूजर्स\’ अशी सुरू होते आणि शेवटी ‘>’ हे चिन्ह असते.
- पॉवरशेल: तशीच ओळ, पण तिच्या आधी ‘पीएस’ ही दोन अक्षरे असतात.
- गिट बॅश: ओळीत ‘मिंगडब्ल्यू६४’ हा शब्द आणि खाली ‘$’ हे चिन्ह दिसते. इथल्या आज्ञा लिनक्ससारख्या असल्या, तरी फायली विंडोजच्याच असतात.
- डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारे लिनक्स: ओळीत वापरकर्त्याचे नाव, ‘@’ आणि संगणकाचे नाव असते. बहुतेक ठिकाणी ते उबंटू असते. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ साली आली. २०२० पासून मिळणाऱ्या दुसऱ्या आवृत्तीत लिनक्सची स्वतःची वेगळी आभासी डिस्क असते.

शेवटचा प्रकार नीट लक्षात ठेवा. पहिल्या तीन खिडक्या एकाच साठ्याकडे पाहतात. चौथीचे घर वेगळ्या साठ्यात असते.

दुसरी पायरी: पूर्ण पत्ता विचारा

फाईल शोधण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते पाहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नुसते ‘सीडी’ टाइप करून एंटर दाबा. उरलेल्या तिन्ही खिडक्यांत ‘पीडब्ल्यूडी’ टाइप करा. जो पत्ता येईल तो कागदावर उतरवून घ्या.

आता फाईल एक्सप्लोररमध्ये हवी ती फाईल निवडा, शिफ्ट दाबून धरा, उजवे क्लिक करा आणि ‘कॉपी ॲज पाथ’ घ्या. तो नोटपॅडमध्ये चिकटवा. दोन पत्ते शेजारी ठेवले की निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

एकाच जागेचा पत्ता प्रत्येक खिडकीत वेगळ्या पद्धतीने लिहितात:

- कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल: सी:\यूजर्स\नाव
- गिट बॅश: /सी/यूजर्स/नाव
- डब्ल्यूएसएल: /एमएनटी/सी/यूजर्स/नाव

जमिनीला जुना सर्व्हे नंबर आणि नवा गट नंबर असे दोन क्रमांक असले तरी जमीन एकच असते, तसेच हे आहे. पत्ता वेगळा दिसला म्हणून फाईल दुसरी ठरत नाही.

इथे तीन चुका वारंवार होतात:

- कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सीडी डी:\’ लिहिले तरी आपण सी ड्राइव्हवरच राहतो. ‘सीडी /डी डी:\’ असे लिहा, किंवा नुसते ‘डी:’ टाइप करून एंटर दाबा.
- फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.
- ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून उघडलेली खिडकी सहसा विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात उघडते. तिथे तुमच्या फायली नसणारच. ऑफिसच्या नेटवर्कवरचा झेड किंवा वाय ड्राइव्हही त्या खिडकीत बहुधा दिसत नाही. नेहमीच्या कामाला साधी खिडकी उघडा.

तिसरी पायरी: तुमचा डेस्कटॉप नेमका कुठे आहे ते पाहा

नव्या लॅपटॉपवर सर्वांत जास्त फसगत इथे होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केले आणि वनड्राइव्हचा बॅकअप सुरू झाला, की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरे ‘सी:\यूजर्स\नाव\वनड्राइव्ह’ याच्या आत हलतात. पडद्यावर काहीच बदललेले दिसत नाही. पण जुन्या पत्त्यावर, म्हणजे ‘सी:\यूजर्स\नाव\डेस्कटॉप’ इथे गेलात, तर ते फोल्डर रिकामे असते किंवा नसतेच. अशा वेळी वनड्राइव्हच्या आतल्या डेस्कटॉपमध्ये शोधा.

याच्याशी जोडलेल्या आणखी दोन गोष्टी तपासा.

- ढगाचे चिन्ह: वनड्राइव्हमधल्या फाईलशेजारी ढग दिसत असेल, तर तिचे नावच संगणकावर असते, मजकूर इंटरनेटवर असतो. आज्ञा दिल्यावर ती यादीत येते, पण रेंज नसली तर उघडत नाही. आपल्या भागात रेंज आणि वीज दोन्ही बेभरवशाची असते. म्हणून प्रकल्पाच्या आणि अर्जांच्या फायलींवर उजवे क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. वनड्राइव्हमध्ये फुकट जागा ५ जीबीच मिळते, हेही ध्यानात ठेवा.
- फोल्डरचे खरे नाव: विंडोजची भाषा मराठी ठेवली असेल, तर डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरांची नावे एक्सप्लोररमध्ये मराठीत दिसतात. डिस्कवर मात्र नाव इंग्रजीच असते आणि आज्ञेत तेच चालते. तसेच, मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या संगणकावर यूजर्सच्या आतल्या फोल्डरला अनेकदा तुमच्या पूर्ण नावाऐवजी ईमेलची पहिली पाच अक्षरे मिळतात. ते दुसऱ्याचे फोल्डर समजून पुसू नका.

लिनक्सचे घर वेगळे: फाईल कुठे ठेवायची ते ठरवा

डब्ल्यूएसएल उघडले की तुम्ही सहसा ‘/होम/नाव’ इथे असता. हे घर विंडोजच्या डिस्कवरच्या एका मोठ्या आभासी डिस्क-फाईलमध्ये असते. त्यामुळे तिथे बनवलेली फाईल विंडोजच्या डॉक्युमेंट्समध्ये दिसत नाही आणि डॉक्युमेंट्समधली फाईल तिथे दिसत नाही. दोन्हीकडे ये-जा करण्याचे मार्ग असे:

1. लिनक्समधून विंडोजकडे: ‘सीडी /एमएनटी/सी/यूजर्स’ असे लिहा आणि पुढे जा.
2. विंडोजमधून लिनक्सकडे: एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत ‘\\डब्ल्यूएसएल$’ लिहा. विंडोज ११ मध्ये डाव्या यादीत ‘लिनक्स’ असे पेंग्विनचे चिन्हही दिसते.
3. सर्वांत सोपा मार्ग: लिनक्सच्या खिडकीत ‘एक्सप्लोरर.ईएक्सई’ लिहा, एक जागा सोडा, एक टिंब द्या आणि एंटर दाबा. तुम्ही जिथे उभे आहात तेच फोल्डर विंडोजमध्ये उघडते.

तुमच्यापुढे पर्याय दोन आहेत. वर्ड, एक्सेल, पीडीएफ अशा फायली विंडोजच्या बाजूला ठेवा. लिनक्समध्ये चालवायचा प्रोग्रॅम लिनक्सच्या घरात ठेवा, कारण दुसऱ्या आवृत्तीत ‘/एमएनटी/सी’ वरून काम केले तर ते मंद चालते. एकच प्रकल्प दोन्हीकडे ठेवू नका. परीक्षेच्या आदल्या दिवशी जुनी प्रत जमा होण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

सावध राहा: उबंटू अनइन्स्टॉल केले, किंवा ‘डब्ल्यूएसएल --अनरजिस्टर’ ही आज्ञा दिली, तर लिनक्सच्या घरातले सगळे काही विचारणा न होता जाते. त्याआधी ‘डब्ल्यूएसएल --एक्स्पोर्ट’ ही आज्ञा, पुढे उबंटूचे नाव आणि प्रत ठेवायच्या फाईलचे नाव देऊन बॅकअप घ्या.

पेन ड्राइव्हचेही असेच आहे. डब्ल्यूएसएल चालू असताना लावलेला पेन ड्राइव्ह तिथे आपोआप दिसत नाही. विंडोजमध्ये फाईल सी ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मग लिनक्समधून वाचा. नवशिक्यांनी हाच मार्ग धरावा.

चौथी पायरी: कोणती खिडकी काय लपवते ते जाणून घ्या

- लपवलेल्या फायली: लिनक्समध्ये टिंबाने सुरू होणारे नाव लपते, पण विंडोजला तो नियम माहीत नाही. उलट विंडोजने लपवलेली फाईल लिनक्सच्या यादीत उघड दिसते. सगळे पाहायचे असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डीआयआर /ए’, पॉवरशेलमध्ये ‘डीआयआर -फोर्स’ आणि लिनक्समध्ये किंवा गिट बॅशमध्ये ‘एलएस -ए’ लिहा.
- नावाची शेपटी: एक्सप्लोरर मूळ सेटिंगमध्ये ‘.टीएक्सटी’ सारखी शेपटी दाखवत नाही. तुम्ही ‘यादी.टीएक्सटी’ असे नाव दिले, तर खरे नाव ‘यादी.टीएक्सटी.टीएक्सटी’ होऊ शकते आणि आज्ञेला फाईल सापडत नाही. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा आणि कायम चालू ठेवा.
- पेन ड्राइव्हवर नुसते शॉर्टकट: झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या पेन ड्राइव्हवर फोल्डरांऐवजी शॉर्टकट दिसले, तर ती व्हायरसची खूण आहे. फायली बहुधा लपवलेल्या असतात, पुसलेल्या नसतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने तपासा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘ॲट्रिब -एच -आर -एस /एस /डी ई:\*.*’ ही आज्ञा द्या. ‘ई’च्या जागी तुमच्या पेन ड्राइव्हचे अक्षर लिहा.
- मोबाइल: केबलने जोडलेला फोन एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण त्याला ड्राइव्हचे अक्षर मिळत नाही. म्हणून कोणत्याही काळ्या खिडकीतून तिथे जाता येत नाही. फोटो आधी संगणकावर कॉपी करा.
- झिप: एक्सप्लोरर झिप फाईल फोल्डरसारखी उघडून दाखवतो. आज्ञेच्या खिडकीला ती एकच फाईल दिसते. ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ केल्याशिवाय आतले काही वापरता येत नाही.
- जुनी सॉफ्टवेअर: हिशेबाचे एखादे जुने सॉफ्टवेअर ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये नोंदी साठवल्याचे दाखवते, पण तिथे फाईल सापडत नाही. विंडोज अशी फाईल परस्पर ‘ॲपडेटा\लोकल\व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात नेते. बॅकअप घेताना तेही फोल्डर घ्या.

मराठी नावे आणि मराठी मजकूर

आपल्याकडच्या कामात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण दाखले, याद्या, ठराव सगळे मराठीत असते.

नावाच्या जागी चौकोन दिसले तर घाबरू नका. जुन्या कमांड प्रॉम्प्टला देवनागरी अक्षरे नीट मांडता येत नाहीत. डिस्कवर नाव शाबूत असते. विंडोज टर्मिनल या नव्या खिडकीत तेच फोल्डर उघडून पाहा. तिथे अक्षरे दिसतात, काना-मात्रा थोड्या विस्कटल्या तरी फाईलला धक्का लागत नाही. चौकोन पाहून नाव बदलायला जाऊ नका.

नाव बरोबर टाइप करूनही फाईल सापडत नसेल तर ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’कडे पाहा. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरतात. पडद्यावर दोन्ही नावे तंतोतंत सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. म्हणूनच एका फोल्डरात सारख्याच नावाच्या दोन फायली दिसू शकतात. अशा वेळी नाव हाताने टाइप करू नका. पहिली एक-दोन अक्षरे लिहून टॅब दाबा, नाव आपोआप पूर्ण होते. किंवा फाईल ओढून खिडकीत सोडा, म्हणजे पत्ता आपोआप उमटतो.

मजकुराऐवजी भलतीच अक्षरे आली तर फाईल खराब झाली असे समजू नका, ती वेगळ्या संकेताने वाचली जात आहे. विंडोजसोबत येणारे पॉवरशेल नोटपॅडमधली मराठी फाईल बऱ्याचदा चुकीची दाखवते. ‘गेट-कंटेंट’ आज्ञेच्या शेवटी ‘-एन्कोडिंग यूटीएफ८’ जोडा. कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी ‘सीएचसीपी ६५००१’ ही आज्ञा द्या. याच पॉवरशेलमध्ये ‘>’ चिन्ह वापरून बनवलेली फाईल लिनक्समध्ये विचित्र दिसते, कारण ती यूटीएफ-१६मध्ये साठते. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि ‘सेव्ह ॲज’मध्ये यूटीएफ-८ निवडून जतन करा.

गिट वापरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: ‘गिट स्टेटस’मध्ये मराठी नावाऐवजी उलट्या तिरक्या रेषा आणि आकडे येतात. ‘गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स’ ही आज्ञा एकदा दिली की नाव नीट दिसते.

सल्ला सरळ आहे. माणसांनी वाचायच्या फायलींना मराठी नावे जरूर द्या. प्रोग्रॅमच्या फायलींना आणि त्यांच्या फोल्डरांना मात्र इंग्रजी लहान अक्षरांत, मोकळी जागा न सोडता नावे द्या.

लहान-मोठी अक्षरे आणि ओळींचे शेवट

विंडोजला ‘यादी’ या नावाचे इंग्रजी स्पेलिंग मोठ्या अक्षराने सुरू झाले काय आणि लहान अक्षराने काय, सारखेच. लिनक्सच्या घरात त्या दोन वेगळ्या फायली असतात. त्या दोन्ही विंडोजच्या एकाच फोल्डरात कॉपी केल्या, तर एक दुसरीवर चढून दुसरीचा मजकूर जाऊ शकतो. म्हणून सगळी नावे लहान अक्षरांतच ठेवा.

विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवते, लिनक्स एकच. नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्समध्ये चालत नसेल, तर आधी हे तपासा. व्हीएस कोड या संपादकाच्या खालच्या पट्टीत ‘सीआरएलएफ’ असे दिसते. त्यावर क्लिक करून ‘एलएफ’ निवडा आणि फाईल पुन्हा जतन करा.

तुमचे हक्क आणि तुमची जबाबदारी

- डब्ल्यूएसएल, उबंटू आणि गिट यांना परवान्याचे पैसे लागत नाहीत. बसवण्याची मजुरी कोणी मागितली तर तो वेगळा विषय, पण ‘सॉफ्टवेअरची किंमत’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. उबंटू आणि गिटच्या प्रती पेन ड्राइव्हवरून मित्राला देण्यासही परवानगी आहे. जिथे डाउनलोडला रात्र जाते, तिथे याचा जरूर उपयोग करा.
- महाविद्यालयाच्या लॅबमध्ये ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतील, तर डब्ल्यूएसएल सुरू करता येणार नाही. पासवर्ड मिळवण्याच्या मागे लागू नका. लॅबच्या शिक्षकांना रीतसर विचारा, किंवा गिट बॅशची न बसवता चालणारी आवृत्ती वापरू देण्याची विनंती करा.
- दुरुस्तीला लॅपटॉप देताना पावतीवर लिहून घ्या: ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.’ ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सेवेतल्या त्रुटीची तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.
- सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर घ्यावी. लपवलेली फाईल सुरक्षित नसते, कारण दुसरी खिडकी तीच फाईल उघड दाखवते. लोकांच्या आधारच्या प्रती, जातीचे दाखले, वनहक्काचे कागद डेस्कटॉपवर साठवू नका. काम झाले की पुसा, आणि ठेवावेच लागले तर पासवर्ड असलेल्या वेगळ्या खात्यात ठेवा.

मराठीतून पुढे शिकायचे असेल तर

मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प लिनक्सचे धडे मराठी आवाजातही देतो, तेही मोफत. धडे छोटे आहेत. रेंज असेल तिथे उतरवून घ्या आणि घरी नेटशिवाय पाहा. वर्गात इंग्रजीतून समजले नाही म्हणून मागे पडणाऱ्या मुलांनी तर ते नक्की पाहावेत.

भिंतीवर लावायची यादी

1. खिडकी कोणती? ओळीची सुरुवात पाहा.
2. मी कुठे आहे? ‘सीडी’ किंवा ‘पीडब्ल्यूडी’.
3. फाईलचा खरा पत्ता काय? ‘कॉपी ॲज पाथ’.
4. वनड्राइव्हमध्ये आहे का? ढगाचे चिन्ह आहे का?
5. लपली आहे का? शेपटी वेगळी आहे का?
6. नाव टाइप केले की टॅबने घेतले?
7. तरीही नाही? कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डीआयआर /ए /एस सी:\*नावाचा भाग*’ लिहून अख्खा ड्राइव्ह शोधा.

या सात पायऱ्या होईपर्यंत फाईल हरवली असे म्हणू नका. डोळखांबहून शहापूरला किंवा कल्याणला जाऊन यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी किंवा एक दिवसाचे कॉलेज बुडते. ही यादी वहीत उतरवून घ्या, शेजारच्या विद्यार्थ्यालाही द्या, आणि महत्त्वाच्या प्रत्येक फाईलची दुसरी प्रत आजच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा.